शरण जाताना पात्राने राखून काय ठेवलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीची नायिका एका बंडखोर गटाची म्होरकी आहे. अडीचशे पानं ती यंत्रणेला गुंगारा देते. ती निसटली की दर वेळी आसपासच्या वस्त्यांवर यंत्रणेचा हात आणखी जड होतो. मग एके पहाटे ती स्वतःच्या पायांनी चौकीत जाते आणि म्हणते, मला अटक करा. लेखिकेला ही पुस्तकातली सगळ्यात मोठी कलाटणी वाटत होती. खर्डा वाचलेल्या दोघांनी मात्र जवळपास एकच शेरा दिला: "इथे तुला पुढचं सुचलं नाही असं वाटतं." तिचं विचारणं असं, की शरणागती ही कलाटणी म्हणून चालते का? आणि चालत नसेल, तर ती शरणागती खोटी होती, तो सापळा होता, असं शेवटी उघड करावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा 'नको'. दोन्हींमागचं कारण एकच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

तुमच्या दोन्ही वाचकांनी दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंय. पात्र हरलं तर वाचकाची तक्रार नसते; लेखक हरला की तो लगेच ओळखतो. हस्तलिखितं वाचताना हा प्रकार मला बऱ्याचदा दिसतो. पाठलाग रंगलेला असतो, लपायच्या जागा संपत आलेल्या असतात, साथीदार एकेक करून गळालेले असतात आणि लेखकाच्या पोतडीत नवी अडचण शिल्लक नसते. मग पात्र थकतं. थकवा खोटा नसतो, माणसं थकतातच. पण शरण जाण्याचं कारण म्हणून थकवा पुढे केला, की ती पात्राने केलेली गोष्ट राहत नाही, त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट होते. पाऊस पडला, पूल वाहून गेला, नायिका दमली, सगळं एकाच रांगेत. अशा घटनेने कथानक थांबतं. वळत नाही.

पात्राने काय दिलं, यात कलाटणी क्वचितच असते. शस्त्र दिलं, स्वातंत्र्य दिलं, गड दिला, हे वाचकाला समोर दिसतं आणि त्याचा हिशेब तो तिथल्या तिथे मांडून मोकळा होतो. कलाटणी असते ती पात्राने काय दिलं नाही यात. दोनशे पानं वाचक धरून चाललेला असतो की ही बाई अमुक गोष्टीसाठी झगडतेय. शरण जाताना ती नेमकी तीच गोष्ट मुकाट्याने समोर ठेवून देते, आणि दुसरंच काहीतरी मुठीत घट्ट धरून ठेवते. तिथे वाचकाला मागची दोनशे पानं वेगळी दिसू लागली, तर तुमचं काम झालं. म्हणून असं प्रकरण लिहायला बसण्याआधी मी एक वाक्य पूर्ण करून आणायला सांगतो: 'तिने सगळं दिलं, फक्त अमुक सोडून.' त्या 'अमुक'च्या जागी काही लिहिता येत नसेल, तर ते प्रकरण लिहायची वेळ अजून आलेली नाही.

इतिहासातल्या शरणागत्या या नजरेने वाचून बघा. ९ एप्रिल १८६५ रोजी, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, दक्षिणेचा जनरल ली उत्तरेच्या जनरल ग्रँटला शरण गेला. तोफा, बंदुका, सगळं सोपवायचं ठरलं. अटींचा कागद वाचताना लीने एक मुद्दा काढला: आमच्याकडे घोडदळातल्या आणि तोफखान्यातल्या साध्या शिपायांचे घोडे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. ग्रँटने कागदावरची अट बदलली नाही, पण ज्याचा घोडा किंवा खेचर असेल त्याला ते घरी नेऊ देतो, असा शब्द दिला. पेरणीचे दिवस तोंडावर होते. चार वर्षांच्या रक्तपातानंतर दोन सेनापतींचं बोलणं नांगराच्या जनावरांवर येऊन ठेपतं. हरलेल्या माणसाला त्या घडीला कशाची काळजी होती, हे मनोगताची एक ओळही न लिहिता कळतं. (जाता जाता: ही भेट मॅक्लीन नावाच्या माणसाच्या घरी झाली. १८६१ मध्ये या युद्धातली पहिली मोठी लढाई त्याच्याच आधीच्या शेताच्या परिसरात झाली होती, आणि त्यानंतर तो तिथून उठून इकडे राहायला आला होता. कादंबरीत हे लिहिलंत तर संपादक योगायोग म्हणून काट मारेल.)

पुरंदरचंही तसंच. जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाशी तह केला. २३ किल्ले दिले, १२ राखले. आपण सगळे २३ हा आकडा पाठ करून बसलोय, पण कथानकाच्या हिशेबात १२ हा मोठा आकडा आहे. १६७० पासून गेलेले किल्ले परत घेण्याचा सपाटा सुरू झाला, तो पाय रोवायला जागा उरली होती म्हणून. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने हा तह नुसता मानहानीचा प्रसंग म्हणून रंगवला तर तो त्या प्रकरणातच संपतो. कोणते १२ हातचे जाऊ द्यायचे नाहीत, या डोकेफोडीचा प्रसंग म्हणून लिहिला तर पुढच्या पाच वर्षांचं बी त्यात पडतं.

तरीही, शरणागतीवर कथानक कसं फिरवावं याचा सगळ्यात पक्का धडा मला महाभारतातल्या द्रोणपर्वात सापडतो. तिथे शस्त्र खाली ठेवण्याचे दोन प्रसंग लागोपाठ येतात. अश्वत्थामा मेला, असं युधिष्ठिराच्या तोंडून ऐकून द्रोण शस्त्र टाकतात आणि रथातच योग लावून बसतात. धृष्टद्युम्न त्यांचं मस्तक उडवतो. बापाला असा मारला हे कळताच अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. त्या अस्त्राचा नियम असा, की जो लढेल त्याच्यावर ते आणखी चवताळून येतं. कृष्ण ओरडून सांगतो, शस्त्रं टाका, रथांवरून, हत्तींवरून खाली उतरा. सगळं सैन्य उतरतं. भीम उतरत नाही. मग अस्त्र त्याच्या एकट्याभोवती गोळा होतं. अखेर कृष्ण आणि अर्जुन त्याला रथावरून खाली खेचतात, त्याच्या हातातली शस्त्रं काढून घेतात, तेव्हा कुठे ते शांत होतं.

काही वेळापूर्वी ज्या कृतीने एक महारथी मेला, तीच कृती आता अख्ख्या सैन्याला वाचवते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात 'शस्त्र टाकलं की मेला' हे अजून ताजं असतं, म्हणून कृष्णाचा हुकूम धक्का देतो. तुमच्या कादंबरीत हा आधीचा अर्धा भाग नाही. नायिकेच्या आधी कुणीतरी शरण गेलेलं आणि त्याचं वाटोळं झालेलं वाचकाने पाहायला हवं. एखादा साथीदार, साधारण शंभराव्या पानाच्या आसपास, अभयाच्या भरवशावर जातो आणि परत येत नाही. मग नायिका चौकीची पायरी चढेल तेव्हा वाचकाचा जीव टांगणीला लागेल. त्याशिवाय ती फक्त एक बाई असेल, पायरी चढणारी.

त्या अस्त्रासारखा नियम मात्र तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही त्याचा उपयोग करून घेतलेला नाही. लढण्यानेच शत्रू माजतो, अशी काहीतरी व्यवस्था कथेत असली की शरणागतीला अर्थ येतो. अस्त्राच्या जागी कर्ज घ्या, कोर्टातला दावा घ्या, संशयी नवरा घ्या. प्रतिकारावर पोसलं जाणारं काहीही चालेल. तुमची नायिका निसटली की वस्त्यांवर संकट येतं, म्हणजे तिचं प्रत्येक यश दुसऱ्या कुणाच्या तरी दारात बिल घेऊन जातंय. हे तुम्ही वातावरणनिर्मिती म्हणून वापरलंय. ते कथानकाचं यंत्र आहे. तिला ते केव्हा कळलं, कुणी सांगितलं, आणि कळल्यानंतरही ती किती दिवस पळत राहिली, याची पानं लिहा. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे तिची लाज आहे.

आणि भीम हवा. न मानणारा एक तरी माणूस हवाच. सगळेच शहाणपणाने वागले तर प्रसंगाला धार येत नाही. द्रोणपर्वात त्या क्षणी खाली उतरणं हे लढण्यापेक्षा जड काम ठरतं, इतकं की ते दुसऱ्या दोघांना मिळून करून घ्यावं लागतं. नायिकेच्या गटात तिला 'गद्दार' म्हणणारा कुणीतरी असू द्या, आणि त्याचं म्हणणं चुकीचं वाटता कामा नये. पुढे दुर्योधन अश्वत्थाम्याला म्हणतो, तेच अस्त्र पुन्हा सोड. उत्तर मिळतं, ते दुसऱ्यांदा सोडता येत नाही. कादंबरीतही ही कलाटणी एकदाच चालते.

आता पेरणी. राखून ठेवलेली गोष्ट वाचकाने आधी पाहिलेली हवी, पण तिचं मोल त्याला कळलेलं नको. काही लेखक काहीच पेरत नाहीत आणि मग शरणागतीच्या पानावर नायिकेची एक मुलगी कुठूनतरी उगवते. काही जण इतकं पेरतात की वाचक दहा पानं आधीच उत्तर सांगतो. माझा तोडगा असा आहे: पेरायची गोष्ट दर वेळी त्या-त्या प्रसंगात दुसरंच काहीतरी काम करताना दिसू द्या. समजा, तुमच्या नायिकेला प्रत्येक गोष्टीची वेळ टिपून ठेवायची सवय आहे. पहिल्यांदा ती गंमत म्हणून येऊ द्या, साथीदार तिची थट्टा करतात. दुसऱ्यांदा उपयोग म्हणून, तिच्या नोंदींवरून गस्तीची वेळ कळते आणि सगळे वाचतात. तिसऱ्यांदा भांडण म्हणून, 'माणूस गेलाय आणि तू वेळ लिहितेस?' तीन प्रसंगांत तीन कामं केल्यावर वाचक ती सवय तिच्या स्वभावाच्या खात्यात जमा करून टाकतो. कथानकाच्या खात्यात ती आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

हे उदाहरण मी उगाच घेतलं नाही. तुमचं प्रकरण सध्या साधारण असं आहे, गोषवारा माझ्या शब्दांत:

'ती पायऱ्या चढली. पाय जड झाले होते. किती वर्षं पळायचं? तिने दोन्ही हात वर केले. "मी आलेय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं संपलं होतं.'

जड पाय, डोळ्यांत पाणी, सगळं संपलं. वाचकाला काय वाटायला हवं हे प्रत्येक वाक्य सांगतं, पुढचं पान उलटावं असं मात्र एकही वाक्य करत नाही. आता तिची वेळ टिपायची सवय हाताशी धरून हेच लिहू:

'हवालदाराने मान वर न करता विचारलं, "काय काम आहे?"

"हजर व्हायला आलेय. नाव लिहा."

तो लिहू लागला. आडनावाच्या अर्ध्यावर त्याचा हात थांबला. मग त्याने ते पुरं केलं आणि वर पाहिलं. बंदूक भिंतीला टेकून उभी होती, त्याच्यापेक्षा तिच्या जवळ.

"वेळ," ती म्हणाली.

"काय?"

"वेळेचा रकाना राहिलाय."

त्याने घड्याळाकडे पाहून लिहिलं, सहा वाजून दहा मिनिटं. तिने वही आपल्याकडे फिरवली, ती ओळ वाचली आणि मगच दोन्ही हात पुढे केले.'

बंदूक तिच्या आवाक्यात आहे आणि ती तिकडे बघतही नाही, म्हणजे ती हतबल होऊन आलेली नाही. तिला वहीतली एक ओळ हवी आहे. का, ते वाचकाला ठाऊक नाही, पण काहीतरी आहे हे त्याला कळतं. पुढच्या प्रकरणात सात वाजता पुलापाशी स्फोट होतो. गटातल्या त्याच न मानणाऱ्या माणसाने तो घडवलाय, तिचा विरोध असताना, तिच्या नावाने. आणि ज्या वहीत ती आरोपी म्हणून नोंदली गेलीय, तीच वही सांगते की सात वाजता ती कोठडीत होती. शत्रूच्या हस्ताक्षरात तिने स्वतःचा पुरावा करून घेतला. रिकामी जागा भरली: तिने सगळं दिलं, फक्त एक हल्ला सोडून, तो तिने आपल्या नावावर चढू दिला नाही. अडीचशे पानं वाचकाला वाटत होतं ती स्वातंत्र्यासाठी पळतेय. ती आपलं नाव कशाकशाला चिकटू द्यायचं यासाठी पळत होती.

सरकारी वकील म्हणेल, कट आधीच शिजला होता, कोठडीत असल्याने काही सिद्ध होत नाही. म्हणू दे. पुढच्या भागाला आयता झगडा मिळाला.

हे जसंच्या तसं उचला असं माझं म्हणणं नाही. तुमच्या नायिकेची मूठ तुम्हालाच जास्त ठाऊक. मुद्दा एवढाच की शरणागतीच्या प्रसंगात पात्राला काहीतरी मिळवायचं असलं पाहिजे, आणि ते मिळवण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसला पाहिजे.

शरण कुणाला जायचं, हा प्रश्न तुम्ही सोडूनच दिलाय. चौकी जवळ होती म्हणून चौकी. जपानी लेफ्टनंट हिरू ओनोदा डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर उतरला आणि महायुद्ध संपून गेल्यावरही वर्षानुवर्षं जंगलातून लढत राहिला. विमानातून पत्रकं टाकली, घरच्यांची पत्रं आणि फोटो टाकले, त्याला सगळा शत्रूचा कावा वाटला. मार्च १९७४ मध्ये त्याचा जुना वरिष्ठ, मेजर तानिगुची, बेटावर आला आणि त्याने लढाई थांबवण्याचा हुकूम वाचून दाखवला. तेव्हा ओनोदाने शस्त्र खाली ठेवलं. तानिगुची तोवर साधा पुस्तकविक्रेता झाला होता. लष्कर उरलं नव्हतं, हुकूम देण्याचा अधिकारही उरला नव्हता, पण ज्याच्या शब्दावर लढायला घेतलं त्याच्याच शब्दावर थांबायचं, एवढं ओनोदाच्या लेखी पुरेसं होतं. पात्र कुणापुढे हात टेकतं यावरून ते आतापर्यंत कुणाचं ऐकत होतं ते उघड होतं. म्हणून तुमच्या पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तिने शरण जाऊ नये असं मला वाटतं. तो वाट पाहतोय, वाचकही त्याच भेटीची वाट पाहतोय. त्या पहाटे मी त्याला रजेवर पाठवीन. इतकी वर्षं जिच्या मागे धावला ती एका पेंगुळलेल्या हवालदाराच्या हाती आपणहून आली, हे त्याला फोनवर कळू द्या.

त्याचं पुढे काय होतं, ते लिहायला विसरू नका. शरणागतीने हरणाऱ्याइतकाच जिंकणारा उघडा पडतो. पाठलाग हीच ज्याची ओळख होती त्याच्याकडे आता करायला काही नाही. बक्षीस दुसऱ्याला जाणार, वरिष्ठ विचारणार की मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात. तो तिच्या जबाबात खोट काढू लागेल, तिने खरं बोललेलंही त्याला पटणार नाही. कथेतला ताण पाठलागातून खोलीत येतो, दोन माणसं आणि एक टेबल, आणि तो कमी होत नाही. ज्या कादंबऱ्या शरणागतीनंतर ढेपाळतात, त्यांत बहुधा जिंकणाऱ्याला काहीच काम दिलेलं नसतं.

खोट्या शरणागतीबद्दल. तुम्हाला ती सुचली याचं कारण मला कळतं. 'हरली नव्हतीच' असं म्हटलं की वाचकांचा शेरा आपोआप खोडला जाईल असं वाटतं. पण त्यात तुम्ही वाचकाकडून घेतलेलं परत करता. तो तिच्यासाठी हळहळला, आणि शेवटी तुम्ही म्हणता, तसं काही झालंच नव्हतं. युद्धाच्या कायद्यातही शरण आल्याचं सोंग घेऊन मारणं हा विश्वासघात मानला जातो. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात तशी स्पष्ट मनाई आहे. कारण व्यवहाराचं आहे: एकदा पांढरं निशाण खोटं निघालं की पुढच्या खऱ्या निशाणावरही गोळ्या सुटतात. पुस्तकात हेच होतं. त्यानंतर तुमची नायिका खरोखर रडली तरी वाचक हाताची घडी घालून बसेल.

दोन वाटांनी मात्र खोटी शरणागती चांगली निघते. एक, ज्या गोळ्यांचा आत्ता उल्लेख केला त्या कथेतच सुटू द्या: नायिकेच्या सोंगाची किंमत नंतर हात वर करून आलेल्या दुसऱ्याच कुणीतरी मोजावी. तिच्या हुशारीला मग डाग लागतो, आणि डाग लागलेली हुशारी वाचायला नेहमीच बरी. दुसरी वाट मला जास्त आवडते. ती खरंच डाव म्हणून आत जाते, वाचकाला हे आधीपासून माहीत असतं, आणि आत गेल्यावर कधीतरी, सोंग करता करता, ते खरं होऊन बसतं. इथे कलाटणी उलट्या दिशेने येते. ती निसटायची संधी आली तेव्हा निघत नाही, एवढंच दाखवायचं.

निवेदनाचा कोन तुम्ही 'मी' असा ठेवलाय, आणि खरी अडचण तिथे आहे. नायिका स्वतः सांगतेय, तिच्या डोक्यात आपण अडीचशे पानं राहिलोय, मग शरण जायचं तिने ठरवलं हे आपल्याला आधी का कळलं नाही? ऐन वेळी निवेदकाने तोंड मिटून घेतलं तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्त आहे. यातून सुटायला मला तरी तीनच रस्ते दिसतात. ते एक प्रकरण हवालदाराच्या नजरेतून लिहा. पुस्तकभर 'मी' असताना मध्येच 'ती' आली तर दचकायला होतं, पण इथे दचकणं कामाचं आहे, कारण आतापर्यंत जी 'मी' होती ती आता वहीतली एक नोंद झालीय. किंवा निर्णय आधी सांगून टाका आणि कारण मागे ठेवा: 'सोमवारी मी हजर होणार होते.' प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात. वाचकाचं 'काय होणार' संपतं आणि 'का' सुरू होतं, त्यावर तीस पानं सहज निघतात. किंवा तिने स्वतःपासूनच लपवलेलं असू द्या. ती चौकीकडे चाललीय असं ती कुठेच म्हणत नाही. ती चपला दुरुस्त करून घेते, उसने पैसे परत करते, डायरी कुणाला तरी देऊन टाकते. माणसं निघण्याआधी अशी आवराआवर करतात आणि आपण काय करतोय हे स्वतःशी बोलत नाहीत. हा तिसरा रस्ता कठीण आहे. जमला तर मी त्यालाच कौल देईन.

या सगळ्याच्या उलटा एक प्रकार आहे, तो तुमच्या कादंबरीत बसणार नाही, पण पुढे कधी लागला तर असू द्या. १९०२ मध्ये माँटे कार्लोच्या बुद्धिबळ स्पर्धेत मार्कोने फॉन पोपिएलविरुद्ध आपला उंट आता वाचत नाही असं पाहून डाव सोडला. प्रत्यक्षात त्या उंटाची एक खेळी होती, जिने वजिरावरचा मारा उघडला असता आणि त्याच दमात मातेची धमकीही दिली असती. डाव मार्कोच जिंकत होता. कथेत हे असं येतं: पात्र हात टेकतं, आणि सुटकेचा दोर त्याच्याच मागे लोंबत होता हे फक्त वाचकाला दिसतं. पत्र एक दिवस उशिरा पोचतं, साक्षीदार तोपर्यंत फुटलेला असतो. स्वस्त वाटू नये म्हणून एक पथ्य पाळायचं: ती खेळी पात्राला दिसू शकत होती, त्याच्या स्वभावातल्या कुठल्यातरी खोडीमुळे दिसली नाही. नुसत्या टपालाच्या दिरंगाईवर शोकांतिका उभी राहत नाही.

शरणागतीला बंदूकच लागते असंही नाही. वीस वर्षं भावाशी वाटणीचा दावा लढणारा माणूस एका सकाळी कागदावर सही करून देतो, यातही हेच सगळं लागू आहे: काय राखलं, कुणाच्या हाती दिलं, जिंकलेल्या भावाचं पुढे काय झालं. उलट अशा लहान प्रसंगांत लेखकाला लपायला धूर नसतो, म्हणून सरावाला ते चांगले.

तुमच्या खर्ड्यापुरतं सांगायचं तर प्रकरण पुन्हा लिहिण्याआधी मागे जा. शरण गेलेल्या त्या आधीच्या साथीदाराला शंभराव्या पानाच्या आसपास जागा करा, वस्त्यांवरचा वाढता जाच नायिकेच्या कानावर नेमका कुणी घालायचा ते ठरवा, आणि तिची राखलेली गोष्ट तीन ठिकाणी तीन कामांना लावा. मग चौकीचा प्रसंग दोन-तीन पानांतच आटोपा. त्याला लांबण लागत नाही. कोर्टातलं तिचं भाषण, ज्यात ती आपण का शरण आलो हे समजावून सांगते, पूर्ण काढून टाका. पुलाचा स्फोट किंवा तुम्ही जे काही ठेवाल ते वाचकाला सांगेलच, आणि त्याने आधी चुकीचा अंदाज केला तरी बिघडत नाही. कोठडीतल्या पहिल्या रात्रीच्या बारा पानी आठवणीही काढा. त्या रात्री तिला गाढ झोप लागली, असं एक वाक्य लिहिलंत तरी पुरे, आणि सकाळी रजेवरून धावत आलेला अधिकारी तिला उठवायला उभा असू द्या.